देवगिरीचे नादोपासक : आचार्य शार्ङ्गदेव

महाशिवरात्रीच्या पहाटे छत्रपती संभाजीनगराहून वेरूळकडे भाविकांची रीघ लागते. घृष्णेश्वराच्या दर्शनाची ओढ असल्यामुळे वाटेतील दौलताबादच्या किल्ल्याकडे क्वचितच कोणाचे चित्त जाते. फार तर मुलाबाळांना तो उंच कडा आणि तटबंदी दाखवून मंडळी पुढे निघतात. परंतु याच कड्याच्या पायथ्याशी, हे स्थान देवगिरी म्हणून ओळखले जात होते त्या काळी, शंकराला नादाच्या रूपाने भजणारा एक थोर पुरुष राहत होता. त्याने बांधलेले मंदिर दगडाचे नव्हते. ते शब्दांचे होते, आणि आठशे वर्षांनंतरही ते उभे आहे. त्या मंदिराचे नाव संगीतरत्नाकर आणि त्या पुरुषाचे नाव आचार्य शार्ङ्गदेव. आजच्या पर्वकाळी वाचकांना त्यांची ओळख करून द्यावी, असे आमच्या मनात आहे.

शार्ङ्गदेवांचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्यांचे आजोबा भास्कर हे शारदेची ती भूमी सोडून दक्षिणेत आले. उत्तरेकडे अस्थिरता वाढत असताना दक्षिणेत यादवांचे राज्य उदयास येत होते. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरीस राजधानी वसविली आणि विद्वानांना तेथे आश्रय मिळू लागला. भास्करांचे पुत्र सोढलदेव यांनी भिल्लमाची व पुढे सिंघणदेवाची मर्जी संपादन केली. राज्याच्या जमाखर्चावर व दफ्तरावर देखरेख करणारा जो अधिकारी, त्यास त्या काळी श्रीकरणाधिपती म्हणत. हे पद सोढलदेवांना लाभले. पुढे ज्या हेमाद्रीपंताचे नाव महाराष्ट्रात घरोघर झाले, तोही याच पदावर होता, हे सांगितले म्हणजे या पदाचा मान वाचकांच्या ध्यानी येईल.

अशा घरात शार्ङ्गदेवांचा जन्म झाला. पित्यामागे त्यांनीही तोच कारभार सांभाळला. सिंघणदेवाची कारकीर्द इसवी सन १२१० ते १२४७ अशी मानतात. यादवांच्या वैभवाचा तो मध्यान्हकाळ. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे ज्योतिषी याच राजाच्या पदरी होते. अशा राज्याचे हिशेब तपासणे म्हणजे दिवसभर आकड्यांत बुडून राहणे. पण अवघी विद्या या एका पुरुषाच्या ठायी जणू वस्तीला आली होती. त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात मोठ्या गोड अभिमानाने सुचविले आहे की, ठिकठिकाणी हिंडून थकलेली सरस्वती अखेर विसाव्यासाठी त्यांच्या घरी येऊन राहिली. निःशंक हे त्यांचे बिरुद. त्यांनी वर्णिलेल्या एका वीणेसही हेच नाव आहे.

शार्ङ्गदेव वैद्यकही जाणत होते. अध्यात्मविवेक नावाचा एक ग्रंथ त्यांनी रचल्याचा उल्लेख त्यांच्याच लेखनात येतो. ब्राह्मणांना धन, जिज्ञासूंना ज्ञान आणि रोग्यांना औषध देऊन त्यांनी जनांची सेवा केली. एवढ्यानेही त्यांचे समाधान झाले नाही. धन सरते, औषध एका देहाचा एक रोग हरते; परंतु आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक असे जे तीन ताप सर्वांनाच जाळतात, त्यांवर उपाय कोणता? या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे संगीत. लोकांचे त्रिविध ताप शमावेत आणि धर्म, कीर्ती व मोक्ष यांची जोड मिळावी, हा हेतू मनाशी धरून त्यांनी ग्रंथ रचावयास घेतला. संगीताला करमणुकीचे साधन समजणाऱ्यांनी हा हेतू नीट लक्षात घ्यावा.

संगीतरत्नाकराचे सात अध्याय आहेत : स्वर, राग, प्रकीर्ण, प्रबंध, ताल, वाद्य आणि नृत्य. आरंभी शंकराला वंदन आहे, तेही नाद हाच ज्याचा देह आहे अशा शंकराला. त्यानंतर देहाची उत्पत्ती सांगितली आहे. गाण्याच्या ग्रंथात गर्भ, नाड्या आणि चक्रे कशासाठी, असे एखाद्यास वाटेल. परंतु हा देह म्हणजेच पहिली वीणा, अशी त्यांची धारणा आहे. बोलण्याची इच्छा झाली की आत्मा मनाला प्रेरणा देतो, मन देहातील अग्नीला चेतविते, अग्नी वायूला हलवितो, आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मस्तक व मुख या स्थानांतून वर चढत ध्वनी प्रकट करतो. प्राण आणि अग्नी यांच्या संयोगातून नाद जन्मतो, आणि नाद या शब्दातील दोन अक्षरे त्या दोहोंचीच खूण आहेत, असा अर्थही ते सांगतात.

नादाचे दोन प्रकार, अनाहत आणि आहत. पहिला आघातावाचून उठणारा. त्याची उपासना योगी व मुनी गुरूपदिष्ट मार्गाने करतात. तो मुक्ती देतो, परंतु सामान्यांच्या मनास रमवीत नाही. दुसरा आघातातून उठणारा, कानांनी ऐकू येणारा. तो लोकांना रिझवितो आणि भवबंधही तोडतो. आम्हा संसारी जनांसाठी शार्ङ्गदेवांनी हाच सोपा मार्ग दाखविला आहे. पार्वतीपती गीताने प्रसन्न होतो, गोपीनाथ मुरलीला वश आहे, ब्रह्मदेव सामगानात रमतो आणि सरस्वतीला वीणेची आवड आहे. इतकेच काय, पाळण्यात रडणारे तान्हे मूलही गाणे कानी पडताच आनंदते, असे ते सांगतात. ज्या माउलीने अंगाई गाऊन मूल निजविले आहे, तिला या शास्त्रवचनाचा दाखला कोठे शोधावयास नको.

या महापुरुषाने शास्त्र रचले खरे, पण त्या शास्त्राचा पाया कशावर घातला? आमच्या मते त्यांच्या थोरवीचे मर्म येथेच आहे. श्रुती म्हणजे काय, तर जी ऐकू येते ती. स्वर म्हणजे काय, तर जो आपण होऊन ऐकणाऱ्याचे चित्त रंगवितो तो. गमक म्हणजे काय, तर स्वराचे असे आंदोलन की ज्याने ऐकणाऱ्याच्या मनाला सुख व्हावे. तिन्ही व्याख्या गाणाऱ्यापाशी सुरू होतात आणि ऐकणाऱ्यापाशी येऊन पुऱ्या होतात. जमाखर्चाचा हा दक्ष अधिकारी स्वरांचा हिशेब मांडताना अखेरची सही श्रोत्याच्या कानाची घेतो.

बावीस श्रुतींची सिद्धता त्यांनी ज्या रीतीने करून दाखविली, तीतही साक्षीदार कानच आहे. दोन सारख्या वीणा घ्याव्यात, प्रत्येकीला बावीस तारा असाव्यात. पहिली तार शक्य तितक्या खालच्या ध्वनीवर लावावी. दुसरी तिच्याहून किंचित उंच, इतकी किंचित की दोहोंच्या मध्ये तिसरा ध्वनी ऐकू येऊ नये. याच क्रमाने बावीस तारा मिळवाव्यात. चौथ्या तारेवर षड्ज, सातवीवर ऋषभ, नववीवर गांधार, तेरावीवर मध्यम, सतरावीवर पंचम, विसावीवर धैवत आणि बावीसावीवर निषाद. एक वीणा स्थिर ठेवावी, ती ध्रुव. दुसरी एकेक श्रुतीने उतरवीत जावे, ती चल. दुसऱ्या उतरणीला चल वीणेचे गांधार व निषाद ध्रुव वीणेच्या ऋषभ व धैवतात मिसळून जातात, तिसरीला ऋषभ व धैवत हे षड्ज व पंचमात, आणि चौथीला षड्ज, मध्यम व पंचम हे निषाद, गांधार व मध्यमात. स्वर स्वरात विरला की नाही, हे सांगणारे कोणतेही यंत्र त्या काळी नव्हते. समोर बसलेल्या माणसाचा सरावलेला कान हेच त्याचे माप. ही कसोटी भरतमुनींपासून चालत आली होती; शार्ङ्गदेवांनी ती अधिक नेटकेपणाने मांडली.

असा कान घरबसल्या पोथ्या उलगडून तयार होत नाही. शार्ङ्गदेवांच्या पुढे भरत, मतंग, दत्तिल, कोहल, अभिनवगुप्त अशा आचार्यांची मोठी मालिका होती आणि त्यांची नावे त्यांनी आदराने घेतली आहेत. परंतु ते जुन्या ग्रंथांत अडकून पडले नाहीत. त्यांनी वर्णिलेल्या रागांची संख्या २६४ सांगतात. त्यांत पूर्वी प्रसिद्ध असलेले राग कोणते आणि आपल्या काळात प्रत्यक्ष गायिले जाणारे कोणते, याचा भेद त्यांनी स्पष्ट केला आहे. हा भेद करावयास भोवतालचे गाणे ऐकावेच लागते. प्रकीर्ण अध्याय वाचताना तर हा गृहस्थ किती मैफिली जागला असेल, असा विचार आमच्या मनात वारंवार येतो.

त्या अध्यायात त्यांनी उत्तम आवाजाचे पंधरा गुण सांगितले आहेत. आवाज मधुर असावा हे आपणही म्हणतो. पण तो तिन्ही स्थानांत सारखा खुलावा, दूरवर पोचावा, कोमल असून भरीव असावा, स्निग्ध असावा, त्यात करुणा असावी, रंग असावा, कांती असावी, असे बारकावे ते एकामागून एक उलगडतात. दोष आठ : रूक्ष, फुटलेला, निःसार, कृश, भग्न इत्यादी. मग गाणाऱ्याचे पंचवीस दोष. कोणी दात आवळून गातो, कोणी ओरडतो, कोणी सूं सूं असा आवाज करतो, कोणी भीत भीत गातो. कोणी भले मोठे तोंड पसरतो, कोणी उंटासारखी मान उंचावतो, कोणाच्या कपाळाच्या व मानेच्या शिरा फुगतात, कोणाचे गाल भोपळ्यासारखे होतात, कोणी नाकात गातो, तर कोणाचे चित्तच थाऱ्यावर नसते. ही यादी वाचून हसू येते. मात्र पुढच्याच क्षणी ध्यानात येते की, हे सारे त्यांनी समोर बसून पाहिले आणि ऐकले असले पाहिजे. गायकांचेही त्यांनी पाच प्रकार केले : अचूक शिकविणारा, दुसऱ्याचे अनुकरण करणारा, स्वतः रसात बुडणारा, श्रोत्यांना रिझविणारा आणि गीतात भाव ओतणारा.

अभ्यासावाचूनही रागाचे रूप प्रकट करण्याची जी शक्ती काही कंठांत उपजतच असते, तिला त्यांनी शारीर असे नाव दिले. हे भाग्य कोणास लाभते? विद्यादान, तप, पार्वतीपतीची भक्ती आणि मोठे पुण्य यांनी ते लाभते, असे त्यांचे उत्तर आहे. सुस्वर कंठाचा दिमाख मिरविणाऱ्याने तो आपल्या एकट्याच्या कर्तबगारीचा मानू नये, एवढा बोध यातून सहज मिळतो.

वाद्याध्यायात एकतंत्री वीणेचे वर्णन आहे. तिचा दांडा म्हणजे शंभू आणि तार म्हणजे उमा. विष्णू, लक्ष्मी, ब्रह्मा, सरस्वती यांचीही तिच्या निरनिराळ्या अवयवांत वस्ती आहे. तार जेथे टेकते तेथे तिच्याखाली एक बारीक तुकडा बसवावयाचा असतो. त्यास ते जीवा म्हणतात आणि तो चंद्र होय. या लहानशा तुकड्याने नाद भरून येतो. आज तंबोरा जुळविणारा घोडीवरच्या तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतो, तेव्हा तो याच जातीचे काम करीत असतो. दोरा केसाइतका इकडेतिकडे झाला तर नाद खुलतो किंवा मिटतो. तो क्षण ज्याने एकदा जवळ बसून ऐकला, त्याला चांगला नाद कशास म्हणावे हे कोणी सांगावयास नको.

गाणाऱ्यांचे गुणदोष सांगणाऱ्या या आचार्यांनी ऐकणाऱ्यांनाही मोकळे सोडले नाही. सभेत बसणारा कसा असावा, हे त्यांनी शेवटच्या अध्यायात सांगितले आहे. तो निःपक्षपाती असावा, सावध असावा, उणे काय व पुरे काय हे ओळखणारा असावा. त्याची मान विनयाने लवलेली असावी. त्याला गर्व नसावा, रसभावाची जाण असावी, त्याने मत्सराला थारा देऊ नये आणि त्याचे हृदय रसाने पाझरणारे असावे. वाचकहो, ही लक्षणे देवळात बसणाऱ्या भाविकालाही जशीच्या तशी लागू पडत नाहीत काय? ऐकणे हीदेखील एक साधना आहे, हाच याचा अर्थ.

मराठी माणसाला या ग्रंथाविषयी आपलेपणा वाटावा असे आणखी एक कारण आहे. प्रबंधाध्यायात त्यांनी ओवीला स्थान दिले. तीन प्रासयुक्त खंडांची, देशभाषेत गायिली जाणारी ही रचना. त्यांच्या आधी शंभर वर्षे चालुक्य राजा सोमेश्वराने महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात, अशी नोंद केली होती. दरबारातील या पंडिताने मुसळाच्या ठेक्यावर वाढलेल्या गाण्याला शास्त्राच्या सभेत मानाचा पाट दिला. पुढे १२९० मध्ये याच यादवांच्या राज्यात, नेवाशास, त्या ओवीतून ज्ञानेश्वरी अवतरली.

शार्ङ्गदेवांच्या पश्चात अर्धे शतक लोटते न लोटते तोच देवगिरीचे दिवस फिरले. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला. १३१८ मध्ये यादवांचे राज्य लयास गेले आणि पुढे मुहम्मद तुघलकाच्या काळात देवगिरीचे दौलताबाद झाले. पण ग्रंथ तरला. चौदाव्या शतकात सिंहभूपालाने आणि पंधराव्या शतकात विजयनगरच्या आश्रयास असलेल्या कल्लिनाथाने त्यावर टीका लिहिल्या. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये तो मंगेश रामकृष्ण तेलंग यांच्याकरवी छापून काढला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ग. ह. तारळेकर यांचे मराठी भाषांतरही प्रसिद्ध केले. हिंदुस्थानी आणि कर्नाटक, दोन्ही परंपरा या एका ग्रंथापुढे नम्र होतात.

तथापि येथे एक विषादाची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ग्रंथ संपूर्ण हाती असूनही त्यातील राग त्या काळी नेमके कसे ऐकू येत, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. काही रागांची नावे तीच राहिली, रूपे पालटली. बावीस श्रुतींविषयी विद्वानांचा वाद अजून चालू आहे. अक्षरे कागदावर टिकली. स्वर मात्र एका कंठातून दुसऱ्या कानात जात असतो, आणि ती साखळी कोठे तरी तुटली की जगातील उत्तमोत्तम ग्रंथही तिला पुन्हा जोडू शकत नाही. आचार्यांनी जे लिहिता येण्याजोगे होते ते सर्व लिहिले. जे लिहिता येत नाही, ते जपणे पुढच्या ऐकणाऱ्यांकडे होते.

आज आपण काय जपीत आहोत? उत्सव आला की कर्णे बांधले जातात, आवाज वाढविला जातो, आणि मोठा आवाज हाच चांगला आवाज, अशी समजूत मुलांच्या कानांत लहानपणीच घर करते. आम्हीही याला अपवाद नव्हतो. संगीतरत्नाकरातील स्निग्ध हा शब्द आम्ही अनेकदा वाचला होता, अर्थही ठाऊक होता. पण काही वर्षांपूर्वी गोदाकाठच्या एका लहान गावी शिवरात्रीच्या जागरास बसलो असता मध्यरात्री वीज गेली. कर्णे मुके झाले. क्षणभर काहीच ऐकू येईना, तशी मागची मंडळी पुढे सरकून बसली. हळूहळू कान निवले. मग वीणेच्या तारेचा झणत्कार विरताना ऐकू आला, टाळांची किणकिण एकमेकीत मिसळताना ऐकू आली, आणि कीर्तनकार बुवांच्या वृद्ध कंठातला ओलावा थेट आमच्यापर्यंत आला. स्निग्ध म्हणजे काय, हे त्या अंधारात आम्हास कळले. घटकाभराने वीज आली, तेव्हा पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हातानेच खूण करून कर्णे बंद ठेवावयास सांगितले. कोणीही तक्रार केली नाही.

शार्ङ्गदेवांच्या नावाचे स्मरण या नगरीत अजून होते. महागामी गुरुकुलातर्फे त्यांच्या नावाने समारोह भरविला जातो आणि तेथे नृत्य व संगीत प्रत्यक्ष पाहावयास, ऐकावयास मिळते. ज्यांना शक्य असेल त्यांनी मुलांना घेऊन अवश्य जावे. आणि ज्यांना ते शक्य नाही, त्यांच्यासाठी गावचे देऊळ आहेच. आज रात्री जागराला जाल तेव्हा कर्ण्यापासून दूर आणि वीणेकऱ्याच्या जवळ बसा. लेकराला मांडीवर घ्या. भजन सुरू होण्यापूर्वी तार जुळविली जाते, ती त्याला ऐकू द्या. पखवाजाला कणीक लावून धुमेचा स्वर कसा खाली आणतात, ते दाखवा. कोणता आवाज गोड लागला आणि का, एवढेच घरी येताना विचारा. बाकीचे शिक्षण कान आपले आपण घेतील.

घृष्णेश्वराहून परतताना वाट पुन्हा त्या कड्याखालून जाते. या वेळी क्षणभर तेथे थांबावे. राजवाडे पडले, दफ्तरे गेली, राज्याच्या जमाखर्चातील एक आकडाही आज कोणास आठवत नाही. ज्याने नादाला शिव मानले आणि नादाचा अखेरचा निवाडा ऐकणाऱ्याच्या चित्ताकडे सोपविला, त्याचे नाव मात्र राहिले. मनोभावे ऐकणे हेच त्या आचार्यांचे खरे स्मरण होय, आणि नादरूपी शंकराची आजच्या रात्रीची पूजाही तीच.